तयारीची पंचवीस वर्षे: पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटचा प्रवास

पुण्यात घोरपडी-मुंढवा भागात उभी असलेली आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट जुलै २००१ मध्ये सुरू झाली. २०२६ हे तिचे रौप्यमहोत्सवी वर्ष. संस्थांचे इतिहास पदकांच्या यादीने सुरू करण्याची आपल्याकडे प्रथा आहे आणि या संस्थेची यादी कुणालाही हेवा वाटावा अशी आहे. पण तिचे खरे काम त्या यादीत दिसत नाही. विशीतला एखादा जवान निवडायचा आणि तो जगाच्या अंतिम फेरीत उभा राहीपर्यंत सात-आठ वर्षे त्याचा पगार, खुराक, दुखणी, प्रवास आणि मधली अपयशे सांभाळायची, हे ते काम. देशात ते पूर्वी कुणी करतच नव्हते असे नाही. मात्र ज्याला हे कळले त्याच्याकडे पैसा नसे आणि ज्याच्याकडे पैसा असे त्याला ते कळायला फार उशीर होई. म्हणून या संस्थेचा इतिहास सांगताना सुरुवात २००१ च्या बरीच आधी, पण पुण्यातूनच करावी लागते.

पूर्वपीठिका: १९२० चे दशक

डेक्कन जिमखाना १९०६ मध्ये स्थापन झाला. पुढे तिथल्या मैदानी स्पर्धांना अध्यक्ष म्हणून सर दोराबजी टाटा आले. त्यांनी पाहिले की शेतकऱ्यांची मुले अनवाणी धावतात, त्यांना कुणी काही शिकवलेले नाही, तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जातात. इथूनच ऑलिंपिकला संघ पाठवण्याची कल्पना पुढे आली. त्या वेळच्या तयारीची कल्पना यावी अशी एक गोष्ट खुद्द टाटांनीच नंतर लिहून ठेवली आहे. शंभर मीटरच्या प्राथमिक फेरीसाठी साधारण किती वेळ पुरेसा धरावा, असे त्यांनी समितीतल्या एका प्रमुख सभासदाला विचारले. ‘मिनिट-दोन मिनिटे,’ असे उत्तर आले. हा हिशेब मिनिटांचा नसून सेकंदांचा आणि सेकंदाच्या दहाव्या भागाचा असतो, हे ऐकून ते गृहस्थ चकित झाले.

हसण्यासारखे आहे खरे, पण याच मंडळींनी १९२० मध्ये अँटवर्पला सहा जणांचा संघ पाठवला. टाटांनी स्वतःच्या खिशातून भर घातली, बाकीचे वर्गणीतून उभे राहिले. चार धावपटू होते: बेळगावचा फडेप्पा चौगुले, दातार, कैकाडी आणि बंगालचा बॅनर्जी. नवले आणि शिंदे हे दोन मल्ल. चौगुले मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावा आला. कोल्हापूरच्या रणधीर शिंद्यांचे कुस्तीतले पदक थोडक्यात हुकले. ज्यांना बुटांची सवय नव्हती अशा माणसांनी बोटीचा लांबचा प्रवास करून, परक्या हवेत आणि परक्या अन्नावर ही कामगिरी केली. संघ मायदेशी परतल्यावर मात्र या खेळाडूंना पुढची चार वर्षे सांभाळण्याची सोय कुणाकडेच नव्हती. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली, तिचे अध्यक्षपदही टाटांकडेच गेले. खेळाडू पाठवण्याची व्यवस्था अशी लागली. खेळाडू घडवण्याची लागली नाही.

१९५० ते १९७० ची दशके

स्वातंत्र्यानंतरही गाडा वर्गणीवरच चालला. १९५२ च्या हेलसिंकीला जाण्यासाठी गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले म्हणून आपल्याला हे घर ठाऊक आहे. पदक आले नाही अशी किती घरे गहाण पडली असतील!

त्याच हेलसिंकीत मुंबईच्या गोमंतकीय कुटुंबातली मेरी डिसोझा शंभर आणि दोनशे मीटर धावली. तिच्या प्रवासासाठीही ओळखीपाळखीच्या लोकांनीच आधी पैसे जमवले होते. गोव्याच्या वाचकांना इथे थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. गोवा पोर्तुगीज अमलाखाली असताना आणि मुक्तीनंतर लगेचच गोमंतकीय रक्ताचे धावपटू दुसऱ्यांच्या झेंड्याखाली धावून नाव काढत होते. पुण्याची स्टेफी डिसोझा १९५४ च्या मनिला आशियाई स्पर्धेत रिलेच्या सुवर्णविजेत्या संघात होती. मोंबासात वाढलेल्या सेराफिनो आंताव याने १९६२ मध्ये पर्थच्या राष्ट्रकुल स्पर्धेत शंभर आणि दोनशे वीस यार्ड या दोन्ही शर्यती जिंकून केनियाला पहिली सुवर्णपदके मिळवून दिली. आज केनिया म्हटले की लांब पल्ल्याचे धावपटू डोळ्यांसमोर येतात. त्या देशाच्या सुवर्णपदकांचे खाते मात्र एका गोंयकाराच्या वेगाने उघडले आहे. गुणवत्ता होती. ती ज्या मैदानांवर वाढली ती मैदाने गोव्याबाहेरची होती, एवढेच.

याच काळात खेळाडूला निदान पोटाची चिंता नसावी, ही सोय एका ठिकाणी सहज झाली, ती सैन्यात. मिल्खा सिंग सिकंदराबादच्या ईएमई केंद्रात जवान म्हणून पळू लागले आणि १९६० मध्ये रोमला चारशे मीटरमध्ये चौथे आले. राजपुताना रायफल्सच्या श्रीराम सिंग यांनी १९७६ मध्ये माँट्रियलच्या आठशे मीटरच्या अंतिम फेरीत १ मिनिट ४५.७७ सेकंदांची वेळ दिली. तो राष्ट्रीय विक्रम पुढे कित्येक वर्षे कुणाच्या हाती लागला नाही. पलटणीत पगार होता, दूध-अंडी होती आणि सकाळच्या पीटीची शिस्त होती. बाकी सारे एखाद्या गुणी प्रशिक्षकाच्या नजरेवर आणि कमांडिंग ऑफिसरच्या हौसेवर अवलंबून असे. साहेबाची बदली झाली की हौसही बदलायची.

१९९० चे दशक

या दशकाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. अटलांटातून १९९६ मध्ये एक कांस्यपदक आले, सिडनीतून २००० मध्ये एक कांस्यपदक आले, आणि ती दोन्ही मैदानी खेळांतली नव्हती. देशातल्या बऱ्याच खेळांचा कणा असलेल्या सैन्याला हे जिव्हारी लागले. पलटणीपलटणींत विखुरलेले खेळाडू एका छताखाली आणावेत आणि त्यांच्या तयारीला लष्करी मोहिमेसारखे उद्दिष्ट, मुदत आणि जबाबदार माणसे द्यावीत, असे ठरले. ‘मिशन ऑलिंपिक्स’ हे त्या योजनेचे नाव.

२००१ ते २०१०: पायाभरणी

पुण्याची निवड सोयीची ठरली. छावणी मोठी, हवा समशीतोष्ण, शहरात वैद्यकीय सोयी भरपूर. अ‍ॅथलेटिक्स, मुष्टियुद्ध, कुस्ती, तिरंदाजी, वेटलिफ्टिंग, तलवारबाजी आणि डायव्हिंग हे खेळ इथे आले. नेमबाजी महूला राहिली. रोइंगचे केंद्र पुण्यातच, दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये झाले. अनेक खेळांत थोडे थोडे करण्यापेक्षा मोजक्या खेळांत पुरेपूर करायचे, हे धोरण सुरुवातीपासून राहिले आणि आमच्या मते तिथेच अर्धी लढाई जिंकली गेली.

खेळाडूंच्या बरोबरीने इथे शरीरशास्त्र, हालचालींचे विश्लेषण, आहार, मानसशास्त्र आणि फिजिओथेरपीची माणसे बसवली गेली. त्या काळात ही गोष्ट नवलाची होती. धावपटू आपल्या तक्रारी गुरूलाच सांगत आणि गुरू त्यावर तेल चोळून घे म्हणत. ट्रेडमिलवर पळवून, बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेऊन त्यातले लॅक्टेट मोजायचे आणि त्यावरून उद्याच्या सरावाचा वेग ठरवायचा, हे जुन्या प्रशिक्षकांना सुरुवातीला पटेना. थेंबाचा आकडा आणि गुरूची नजर यांत कोणाचे ऐकायचे, यावरून मतभेद झाले असणार. ते कुठल्या संस्थेत होत नाहीत? कालांतराने दोघांनाही एकमेकांची गरज कळली, इतके नोंदवून पुढे जाऊ.

दुसरा पाया बॉइज स्पोर्ट्स कंपन्यांचा. आठ ते चौदा वर्षांची मुले निवडायची, त्यांची राहण्याची आणि शाळेची सोय करायची, दहावी होईपर्यंत खेळ शिकवायचा आणि साडेसतरा वर्षे पूर्ण झाली की रीतसर भरती. भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या सहकार्याने चालणाऱ्या या कंपन्या निरनिराळ्या रेजिमेंट केंद्रांत आहेत. त्यांतली एक, कुस्तीची, बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात आहे. पुण्याच्या कंपनीतून पुढे आलेला मिझोरामचा जेरेमी लालरिन्नुंगा २०१८ च्या युवा ऑलिंपिकमध्ये वेटलिफ्टिंगचे सुवर्ण जिंकला.

पहिल्या दशकात ऑलिंपिकचे मोठे यश पुण्याच्या या मैदानाला मिळाले नाही. अथेन्सला २००४ मध्ये सैन्याचेच राज्यवर्धन राठोड नेमबाजीत रौप्य मिळवून आले, त्यामुळे योजनेवरचा विश्वास टिकला. २००८ च्या युवा राष्ट्रकुल स्पर्धा पुण्याच्या बालेवाडीत झाल्या. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत सैन्याच्या काशिनाथ नाईक यांनी भालाफेकीत कांस्य मिळवले आणि पुढे ते याच संस्थेत प्रशिक्षक झाले. खेळाडू निवृत्त होऊन पुन्हा त्याच मैदानावर शिकवायला उभा राहतो, तेव्हा संस्थेला स्मृती येते. कागदावरच्या योजनेला ती नसते.

२०११ ते २०२०: धावपटूंचे दशक

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनला भारताचे तीन धावपटू होते आणि तिघेही सैन्याचे. थोनाकल गोपी २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत पंचविसावा आला, त्याच्या पाठोपाठ एका सेकंदाने खेता राम सव्विसावा. पदकाच्या हिशेबात या आकड्यांना किंमत नाही, म्हणून वर्तमानपत्रांनी ते चार ओळींत उरकले. पण शहाण्णव वर्षांपूर्वी चौगुल्यांनी त्याच शर्यतीला जेवढा वेळ घेतला होता त्यातून पस्तीस मिनिटे कमी झाली होती, आणि तीही एकट्यादुकट्याने नव्हे. पुढच्याच वर्षी गोपीने आशियाई मॅरेथॉन जिंकली.

२०१६ मध्येच पोलंडमध्ये बिडगॉश्च इथे पानिपतकडच्या खंडरा गावच्या नीरज चोप्राने ८६.४८ मीटर भाला फेकून वीस वर्षांखालील गटाचा विश्वविक्रम केला. सैन्याने त्याला थेट नायब सुभेदार म्हणून राजपुताना रायफल्समध्ये घेतले. नीरजच्या घडणीचे श्रेय अनेकांचे आहे: हरियाणातले त्याचे पहिले सोबती, राष्ट्रीय शिबिर, परदेशी प्रशिक्षक, खासगी प्रायोजक, आणि सरकारने २०१४ मध्ये सुरू केलेली ‘टॉप्स’ योजना. या सगळ्यांत संस्थेचा वाटा नेमका किती, हे मोजत बसणे शोभणारे नाही. २०१९ मध्ये त्याच्या कोपरावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि तो हंगामच हातचा गेला. तेव्हा नोकरी, हुद्दा आणि पगार यांना धक्का लागला नाही. फेकणाऱ्याचे कोपर म्हणजे त्याची रोजीरोटी. ते बिघडल्यावरही रोजीरोटी चालू राहणे, हे मदतीचे सगळ्यांत कमी दिसणारे आणि सगळ्यांत मोठे रूप आहे.

मराठी वाचकाला या दशकातले सर्वांत जवळचे नाव म्हणजे अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले मांडवा हे त्याचे गाव, आईवडील वीटभट्टीवर काम करणारे, शाळा सहा किलोमीटरवर. बारावी झाल्यावर तो ५ महार रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशा नेमणुका करून आला. क्रॉसकंट्रीत तो उतरला २०१५ मध्ये, तोही पलटणीच्या संघातून. सैन्यातले प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याच्यात स्टीपलचेसचा धावपटू पाहिला.

ही शर्यत काय आहे ते थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे ती शाळेच्या क्रीडामहोत्सवात नसते. अंतर तीन हजार मीटर. वाटेत अठ्ठावीस वेळा अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा. शंभर मीटरच्या हर्डलला पाय लागला तर ते पडते. इथला अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंचीचा जाड ओंडका असतो, तो पडत नाही, पडतो तो धावपटू. पाण्यापाशी ओंडक्यावर पाय देऊन जितके पुढे झेपावता येईल तितके झेपावायचे, म्हणजे उथळ भागात उतरता येते. झेप कमी पडली की पाय खोल पाण्यात, बूट जड आणि लय गेली. दमलेल्या पायांनी हे सातव्यांदा करताना माणसाचे खरे शिक्षण दिसते. त्यासाठी नुसते पळून भागत नाही. अडथळ्याची उंची पायांच्या स्मरणात बसेपर्यंत तेच ते करत राहावे लागते, आणि त्यासाठी पाण्याच्या खड्ड्यासह पूर्ण मैदान रोज हाताशी हवे.

गोपाळ सैनींचा ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम १९८१ पासून अबाधित होता. साबळेने तो सप्टेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वरला मोडला: ८:२९.८०. त्यानंतर जणू बांध फुटला. २०१९ मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत ८:२१.३७, आणि त्याबरोबर ऑलिंपिकची पात्रता. मध्यंतरी त्याचे प्रशिक्षक बदलले आणि पुन्हा तो अमरीश कुमारांकडे आला. त्याच्या कारणांत शिरण्याची ही जागा नव्हे.

२०२१ ते आज

७ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत नीरजने ८७.५८ मीटर भाला फेकला आणि मैदानी खेळांत भारताला पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळाले. त्याच महिन्यात २७ तारखेला संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते संस्थेतल्या स्टेडियमला नीरजचे नाव देण्यात आले. तेवीस वर्षांच्या जवानाचे नाव मैदानाला द्यायला आपल्याकडे एरवी धाडस लागते. आपण बहुधा माणूस जाईपर्यंत थांबतो. २०२३ मध्ये त्याने बुडापेस्टला जागतिक विजेतेपद आणि २०२४ मध्ये पॅरिसला ८९.४५ मीटरच्या फेकीने रौप्य मिळवून ते नाव सार्थ केले.

टोकियोत साबळेने ८:१८.१२ अशी राष्ट्रीय विक्रमाची वेळ दिली आणि तरीही अंतिम फेरी हुकली, कारण तो आपल्या गटात सातवा आला. त्यानंतर तो अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला, समुद्रसपाटीपासून सुमारे अठराशे मीटरवर, सरावाला गेला. उंचीवरची हवा विरळ, त्यामुळे शरीर रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवते. खाली उतरल्यावर तेवढे काही दिवस इंजिन मोठे झालेले असते. ६ ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा. १९९८ पासूनच्या सहा स्पर्धांत या शर्यतीच्या तिन्ही पदकांना केनियाने कुणाला हात लावू दिला नव्हता. शेवटच्या फेरीत साबळे केनियाच्या ऑलिंपिक विजेत्या कॉन्सेस्लस किप्रुटोला मागे टाकून गेला आणि अब्राहम किबिवोटच्या खांद्याशी पोहोचला. किबिवोट ८:११.१५, साबळे ८:११.२०. सेकंदाचा विसावा भाग. डेक्कन जिमखान्यातल्या त्या गृहस्थांना हा फरक समजावून सांगायला टाटांना बराच वेळ लागला असता.

पुढे हांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याने स्टीपलचेसचे सुवर्ण आणि पाच हजार मीटरचे रौप्य घेतले, जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये वेळ ८:०९.९१ पर्यंत आणली, आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. त्यात तो अकरावा आला. २०२५ च्या गुमी आशियाई अजिंक्यपदात त्याने सुवर्ण मिळवले. सैन्याच्याच गुलवीर सिंगने तिथे पाच हजार आणि दहा हजार मीटर अशी दोन सुवर्णपदके मिळवली. त्याच वर्षी जुलैत मोनॅकोला धावताना साबळेच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. नीरजच्या कोपरानंतरची तीच परीक्षा पुन्हा आली.

या सगळ्यांत स्त्रिया फारशा नाहीत, हे वाचकाच्या लक्षात आले असेल. सैन्यात खेळाडू म्हणून मुलींची भरतीच उशिरा, २०२२ च्या सुमारास, सुरू झाली. नेमबाज प्रीती रजक आणि मुष्टियोद्धी जॅस्मिन लंबोरिया या पहिल्या काहींपैकी. जॅस्मिनने २०२५ मध्ये लिव्हरपूलला जागतिक विजेतेपद मिळवले. दोन दशके अर्ध्या गुणवत्तेकडे दार बंद होते, ही उणीव रौप्यमहोत्सवातही नोंदवलेली बरी.

गोव्याने ही फौज घरी पाहिली ती ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये, सदतिसाव्या राष्ट्रीय स्पर्धेच्या निमित्ताने. बांबोळीच्या ज्या मैदानावर २०१४ मध्ये लुसोफोनिया स्पर्धा झाल्या होत्या तिथेच अ‍ॅथलेटिक्स झाले. महाराष्ट्र २२८ पदके घेऊन पहिला आला. सेनादलाची पदके १२६, पण त्यांत ६६ सुवर्ण, म्हणजे निम्म्याहून अधिक, क्रमांक दुसरा. यजमान गोव्याने २७ सुवर्णांसह ९२ पदके मिळवली, आपल्या आकाराच्या राज्याला ती थोडी नव्हेत.

स्पर्धा संपल्या, मैदान उरले. गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या पालकांना आता पुण्याची वाट विचारावीशी वाटेल. डिचोलीहून साखळी, केरी करत चोर्ला घाट चढला की बेळगावची बॉइज स्पोर्ट्स कंपनी पुण्याहून कितीतरी जवळ आहे. पेडण्याहून आंबोलीमार्गेही तिथे जाता येते. तिथे वयाची अट कडक आहे आणि ती योग्य आहे; कुस्ती, वेटलिफ्टिंग, डायव्हिंग हे खेळ चौदाव्या वर्षानंतर मुळापासून शिकवणे कठीण जाते. लांब पल्ल्याच्या धावण्याचे गणित वेगळे आहे. सैन्यभरतीत सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत धावणाऱ्याला पूर्ण साठ गुण मिळतात, आणि त्या रांगेतून पलटणीत, पलटणीच्या क्रॉसकंट्री संघातून पुण्याला, अशीही एक वाट आहे. साबळे क्रॉसकंट्रीत पहिल्यांदा उतरला तेव्हा तो विशीत होता.